मुलांचे वडील ‘नोकरी नाही, दुसरा संसार आहे’ म्हणतात. थकलेली पोटगी कशी मागावी?

प्रश्न : सागरकाठ (रत्नागिरी तालुका)

सर्वांना नमस्कार. माझा घटस्फोट २०१९ साली परस्पर संमतीने झाला. त्या वेळी न्यायालयात ज्या अटी लिहून दिल्या, त्यांत मी स्वतःसाठी पोटगी मागितली नाही. मात्र दोन्ही मुलांसाठी मिळून दरमहा ८,००० रुपये त्यांचे वडील देतील, असे ठरले आणि हुकूमनाम्यात तसे नमूद झाले. मुलगा आता नववीत आहे, मुलगी चौथीत. मी माहेरी आई-वडिलांजवळ राहते आणि एका पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करते. पगार १६,००० रुपये आहे.

मुलांचे वडील त्या वेळी खेड तालुक्यातील एका रासायनिक कारखान्यात नोकरीला होते. २०२२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि त्यानंतरही दीड-दोन वर्षे पैसे नियमित येत होते. पुढे त्यांनी नोकरी सोडली, ते गावच्या घरी परत आले आणि जून २०२४ पासून पैसे येणे पूर्णपणे थांबले. विचारले की उत्तर एकच मिळते : नोकरी नाही, घरात लहान मूल आहे, आता तुझ्या मुलांचे तू बघ. ‘तुझ्या मुलांचे’ हे शब्द माझ्या मुलाने फोनवर स्वतः ऐकले आणि तेव्हापासून तो वडिलांशी बोलायला तयार नाही.

आता वस्तुस्थिती सांगते. त्यांच्या घरची हापूसची बाग आहे. सातबारा सामाईक असून त्यावर सासऱ्यांच्या पश्चात दोन भावांची आणि सासूबाईंची नावे आहेत. बाग दरवर्षी कराराने दिली जाते, असे मला माझ्या नांदण्याच्या काळापासून माहीत आहे. गावातले घर दुरुस्त करून त्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. त्या व्यवसायावर त्यांच्या दुसऱ्या पत्नीचे नाव आहे, पण पाहुण्यांना बोटीने फिरवणे, बाजारहाट करणे, खोल्यांचे पैसे ठरवणे ही सगळी कामे तेच करतात. आणि गेल्या महिन्यात असे कळले की, बागेतील आपला हिस्सा ते हक्कसोडपत्राने थोरल्या भावाच्या नावे करून देणार आहेत.

मला विचारायचे आहे ते असे. कागदोपत्री बेरोजगार असलेल्या माणसाकडून न्यायालय पोटगी वसूल करू शकते का? हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की माझ्या मुलांचा मार्ग बंद होतो का? २०१९ मध्ये ठरलेली रक्कम आज दोन मुलांच्या शिक्षणाला पुरत नाही, ती वाढवून मागता येते का? आणि एक प्रश्न मनाला फार लागून राहिला आहे. दरवर्षी गणपतीत पाच दिवस मुले वडिलांच्या घरी जातात. माझे भाऊ म्हणतात की पैसे येईपर्यंत मुलांना तिकडे पाठवू नकोस. तिकडून निरोप आला आहे की कोर्टात गेलीस तर मुलांना गणपतीला आणू नकोस. या दोन्हींमध्ये माझी मुले भरडली जात आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : वकिली_चिपळूण

ताई, आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपण स्वतःची पोटगी सोडली असली, तरी मुलांचा हक्क आपण सोडलेला नाही, आणि सोडायचा म्हटला तरी तो आपल्याला सोडता आला नसता. तो हक्क मुलांचा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० नुसार मुलांचे पालनपोषण करणे ही वडिलांची आणि आईची दोघांचीही जबाबदारी आहे. वडिलांनी पुन्हा लग्न केल्याने त्यातले काहीही कमी होत नाही. दुसऱ्या संसारातील मुलाचाही त्यांच्यावर तितकाच हक्क आहे, हे न्यायालय रक्कम ठरवताना विचारात घेते. पण धाकट्या मुलाचा हक्क दाखवून थोरल्या दोघांचा हक्क शून्यावर आणता येत नाही.

आता नोकरीविषयी. न्यायालय पाहते ती नोकरी नव्हे, तर ऐपत आणि कमावण्याची क्षमता. धडधाकट माणसाने ‘मला काम नाही’ एवढेच म्हणून पत्नी आणि मुलांच्या निर्वाहातून सुटका करून घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक वेळा सांगितले आहे. अंजू गर्ग विरुद्ध दीपक कुमार गर्ग या २०२२ च्या निकालात तर अंगमेहनत करूनही पैसे मिळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. कारखाना बंद पडला, आजारपण आले, अपघात झाला, अशी खरी कारणे असतील तर न्यायालय ती ऐकते. स्वतःहून राजीनामा देऊन घरचा व्यवसाय पाहणे ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून राजीनाम्याचे पत्र आणि कारखान्याने दिलेला शेवटचा हिशोब न्यायालयासमोर मागवून घेणे महत्त्वाचे ठरेल. आणखी एक गोष्ट : परिस्थिती खरोखर बदलली असेल तर रक्कम कमी करून मागण्याचा मार्ग त्यांनाही खुला आहे. त्यांनी तसा अर्ज केलेला नाही. जोपर्यंत न्यायालय रक्कम बदलत नाही, तोपर्यंत ८,००० रुपये दरमहा देणे लागतेच आणि थकबाकी साचत राहते.

वसुलीचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्या कलमाखाली मिळालेल्या आदेशाची वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्याकडे मात्र दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आहे. त्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायला १२ वर्षांची मुदत असते. म्हणजे जून २०२४ पासूनचा एकही हप्ता आपण गमावलेला नाही. एक वर्ष उलटले म्हणून पैसे बुडाले, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर ते आपल्या बाबतीत लागू नाही.

दरखास्तीत बँक खाते, बागेतील त्यांचा अविभक्त हिस्सा, आणि बाग कराराने घेणाऱ्याकडून त्यांना येणे असलेली रक्कम, या सर्वांवर जप्ती मागता येते. ते पुन्हा नोकरीला लागले, तर निर्वाहाच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांशापर्यंत भाग जप्त होऊ शकतो. इतर कर्जांच्या वसुलीत ही मर्यादा बरीच कमी असते.

हक्कसोडपत्राच्या बाबतीत मात्र घाई करावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ नुसार एकदा हिश्श्यावर जप्ती बसली की त्यानंतर केलेले खाजगी हस्तांतरण त्या वसुलीपुरते निरर्थक ठरते. आधीच नोंदले गेले तरी मार्ग बंद होत नाही. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून मागता येते. मोबदला न घेता सख्ख्या भावाला हिस्सा देणे, तेही पोटगी थकलेली असताना, हे न्यायालयाच्या नजरेत सहज येते. तरीही तो स्वतंत्र दावा आहे, त्यात वर्षे जातात, आणि जप्ती आधी मिळाली तर ती सगळी यातायात वाचते. काही जण आपल्याला सांगतील की जमीन वडिलोपार्जित आहे, मुलांचा जन्मतः हिस्सा आहे, सरळ वाटपाचा दावा लावा. वाडवडिलांची प्रत्येक जमीन कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित असतेच असे नाही. तो प्रश्न पोटगीत मिसळू नये. नाहीतर शाळेच्या फीचा विषय बाजूला राहून भाऊबंदकीचा दावा सुरू होईल.

रक्कम वाढवून मागण्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथेच अर्ज करता येतो. रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन गोष्टी घालून दिल्या. एक, दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे. दोन, निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून अर्ज जितका लांबेल तितके महिने वाढीव रकमेविना जातील. प्रतिज्ञापत्र आपल्यालाही द्यावे लागेल आणि त्यात आपला पगार, ठेवी, माहेरी राहत असल्यामुळे न लागणारे घरभाडे, हे सर्व प्रामाणिकपणे लिहावे. आपण कमावता म्हणून मुलांचा हक्क जात नाही. शिक्षणाचा भार दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जातो, इतकेच.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. दूरध्वनी सेवेचा क्रमांक १५१०० आहे.

गणपतीबद्दल माझे मत ठाम आहे. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे येत नाहीत म्हणून मुलांना वडिलांकडे पाठवणे थांबवले, तर ती गोष्ट आपल्याविरुद्ध वापरली जाते. तिकडून आलेला ‘कोर्टात गेलीस तर आणू नकोस’ हा निरोप लेखी किंवा मोबाइलवर असेल तर तो जपून ठेवा.

उत्तर २ : कलमवाला (देवगड)

मी वकील नाही, बागायतदार आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. बागेचे उत्पन्न न्यायालयाला कसे दिसते आणि कसे दिसत नाही, तेवढे मी सांगू शकतो. आपल्याकडे पगारपत्रक नसते, म्हणून माणूस बेरोजगार आहे असे म्हणणे फार सोपे जाते.

ताईंनी प्रथम सातबारा आणि आठ-अ काढून घ्यावा. सातबाऱ्यातील बाराच्या भागात पिकाची नोंद असते आणि अलीकडे ती ई-पीक पाहणीतून भरली जाते, त्यामुळे किती क्षेत्रावर आंबा आहे ते कळते. त्यानंतर फेरफार नोंदी पाहाव्यात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की त्याचा फेरफार येतो आणि तो प्रमाणित होण्यापूर्वी हरकत घेण्यासाठी मुदत असते. गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, चौकशी ठेवली तर हे वेळेवर समजते.

बाग कराराने दिली असेल तर पैसे कसे येतात हे समजून घ्या. मोहोर पाहून किंवा कणी धरल्यावर सौदा होतो. काही रक्कम आगाऊ मिळते आणि उरलेली हंगामात किंवा हंगाम संपता संपता. काही घरांत दोन-तीन वर्षांचा करार एकदम करतात. हा करार अनेकदा साध्या कागदावर असतो, कधी तोंडीच असतो. पण करारदार हा व्यापारी माणूस असतो, आणि तो मोठी रक्कम देताना कुठेतरी बँकेतून देतो किंवा स्वतःच्या वहीत लिहितो. त्याला साक्षीसाठी बोलावता येते. बाग स्वतः करत असतील तर वाशीच्या बाजारातील अडत्याकडून येणाऱ्या पट्ट्या हा सर्वांत चांगला पुरावा. पट्टीवर पेट्यांची संख्या, भाव, अडत, हमाली, गाडीभाडे सगळे असते. हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवला असेल, तर हप्ता कोणी भरला आणि भरपाई कोणाच्या खात्यात आली तेही बँकेत दिसते. सामाईक सातबाऱ्यावर विमा उतरवताना सहसा इतर खातेदारांचे संमतीपत्र जोडलेले असते, म्हणजे बाग प्रत्यक्षात कोण पाहतो ते त्यावरून कळते.

आता एक कळकळीची विनंती. झाडांची संख्या गुणिले पेट्या गुणिले मार्चमधला भाव, असा हिशोब कोणी करून दिला तर तो न्यायालयात मांडू नका. हापूस दरवर्षी सारखा येत नाही. एक वर्ष भरून येतो, पुढच्या वर्षी झाड विसावा घेते. अवकाळी पाऊस, थ्रिप्स, वानरे, फळगळ यांतून जे वाचते त्यावर फवारणी, खत, राखणीचे गुरखे, तोडणी, पेट्या आणि वाहतूक यांचा खर्च निघायचा असतो. मोठा आकडा लिहिला की समोरचा वकील एकच वाईट वर्ष दाखवतो आणि तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो. तीन-चार वर्षांची सरासरी मांडा आणि त्यातला त्यांच्या हिश्श्याला येणारा भाग मागा. सासूबाई आणि भाऊ यांचाही त्यात वाटा आहे हे विसरू नका.

माझी दुसरी सूचना तडजोडीच्या वेळी उपयोगी पडेल. बागायती घरात ऑगस्टपासून मोहोर येईपर्यंत हातात रोकड नसते, आणि हे बहाणा म्हणून नव्हे तर खरेच. पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश यांचा खर्च येतो जूनमध्ये. तेव्हा दरमहा एक कमी रक्कम आणि ३१ मेपूर्वी शिक्षणासाठी एकरकमी मोठी रक्कम, अशी मांडणी मध्यस्थीत सुचवून पाहा. देणाऱ्याला ती झेपते आणि मुलांना ज्या वेळी लागते त्याच वेळी मिळते. माझ्या बहिणीच्या घटस्फोटात आम्ही असेच ठरवले होते आणि ते आजवर पाळले गेले आहे.

उत्तर ३ : दुसरा_संसार

मी या प्रश्नातील दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहावे असे वाटले. माझीही नोकरी गेली, माझेही दुसरे लग्न झाले आहे आणि माझी पहिली मुलगी तिच्या आईजवळ असते.

नोकरी खरोखर गेली की माणूस प्रथम हात आखडता घेतो आणि जो जवळ नाही त्याचा खर्च सर्वांत आधी थांबवतो. घरात जे मूल समोर रडते त्याच्यासाठी दूध येते. जे दुसऱ्या गावात आहे त्याची भूक दिसत नाही. हे नैसर्गिक वाटले तरी न्याय्य नाही. मी माझ्या वकिलांच्या सल्ल्याने रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच केला, सोबत कारखान्याचे कामावरून कमी केल्याचे पत्र आणि बँकेचे उतारे जोडले, आणि निकाल येईपर्यंत पूर्ण रक्कम जमली नाही तरी दर महिन्याला जेवढे शक्य तेवढे बँकेतूनच पाठवले. न्यायाधीशांनी काही काळासाठी रक्कम कमी केली आणि काम मिळताच पूर्ववत केली. कोणाचाही अपमान झाला नाही. म्हणून ताईंच्या मुलांच्या वडिलांनी अर्ज न करता गप्प राहणे मला पटत नाही.

एक विनंती ताईंना करतो. पर्यटकांच्या खोल्यांबद्दल लिहिताना त्यांच्या पत्नीला त्यात ओढू नये. पहिल्या लग्नाच्या मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर नाही आणि तिचे उत्पन्न हे तिचे आहे. प्रश्न एवढाच विचारावा की ते स्वतः तिथे काय काम करतात, त्या कामाचा मोबदला कुठे जातो आणि खोल्या दुरुस्त करायला पैसा कोठून आला. घर कोणाच्या नावे आहे हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर कळते. माझ्या पत्नीला समन्स आले असते तर माझ्या थोरल्या मुलीसाठी आमच्या घराचे दार कायमचे बंद झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ते दार उघडे राहणे ताईंच्या मुलांनाही पुढे लागेल.

उत्तर ४ : निवृत्त_शिक्षिका (मालवण)

मी फक्त मुलांविषयी लिहिते. नववीतल्या मुलाने ‘तुझी मुले’ हे शब्द ऐकले आहेत, हे वाचून फार वाईट वाटले. या वयातली मुले असे बोलणे विसरत नाहीत आणि त्याचा परिणाम दहावीच्या वर्षात दिसतो. अर्ज, तारखा, वकील यांविषयीचे बोलणे त्याच्यासमोर करू नये. पण त्याने विचारले तर लपवूही नये. ‘तुमच्या शिक्षणाचा खर्च दोघांनी करायचा असे ठरले आहे आणि तो मागण्यासाठी मी न्यायालयात गेले आहे’, एवढे खरे सांगितले की पुरते. त्याला साक्षीदार करू नका, निरोप्या करू नका, आणि वडिलांच्या मोबाइलवरचे काही पाहून यायला तर कधीही सांगू नका.

गणपतीला मुलांनी जावे, असेच मलाही वाटते. त्यांची आजी त्या घरात आहे, चुलत भावंडे आहेत, आरतीला टाळ घेऊन उभे राहण्याची त्यांची जागा तिथे आहे. ती जागा पैशाच्या वादात जाऊ देऊ नये. मुलगा स्वतःच नको म्हणत असेल तर मात्र बळजबरी नको. धाकटी एकटी जायला तयार असेल तर तिला जाऊ द्या आणि आजीला तसे आधी कळवा.

प्रश्नकर्ती : सागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कलमवाला यांनी सांगितल्याप्रमाणे सातबारा आणि फेरफार काढले. हक्कसोडपत्राची नोंद अजून झालेली नाही. दुसरा_संसार यांचे म्हणणे मला पटले. त्यांच्या पत्नीशी माझे भांडण नाही आणि मी तिचे नाव अर्जात घालणार नाही. बाईंनी लिहिले त्याप्रमाणे सासूबाईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, पैशाचे तुम्ही दोघे बघा, नातवंडे माझी आहेत, चतुर्थीला दोघांना पाठव. मुलगा जाईल की नाही ते त्याच्यावर सोडले आहे.

वकीलसाहेब, आणखी दोन शंका आहेत. दरखास्तीत पैसे भरले नाहीत म्हणून त्यांना तुरुंगात टाकले जाईल का? माझी मुले आजच इतकी दुखावलेली आहेत की वडिलांना अटक झाली असे गावात ऐकावे लागू नये, अशी माझी इच्छा आहे. आणि मुलगा तीन-चार वर्षांत १८ वर्षांचा होईल, त्यानंतर त्याचे काय?

उत्तर ५ : वकिली_चिपळूण

ताई, तुरुंग हा वसुलीचा एक मार्ग आहे, आणि तो आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी पुढे आणत नाही. दरखास्तीत नेमकी कोणती मदत हवी ते दरखास्तदाराने लिहायचे असते. आपण केवळ बँक खाते, करारदाराकडील येणे आणि बागेतील हिस्सा यांवरील जप्ती मागावी; अटकेची मागणी लिहू नये. शिवाय अटकेने पैसा येतोच असे नाही. कलम १२५ च्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, ती रक्कम देणे लागतेच.

हक्कसोडपत्राची नोंद झालेली नाही, ही चांगली बातमी आहे. त्यामुळे दरखास्त गणपतीच्या सुट्टीनंतर नव्हे, तर याच आठवड्यात दाखल करावी आणि हिश्श्याच्या जप्तीचा अर्ज तिच्यासोबतच द्यावा. वाढीव रकमेचा कलम २६ चा अर्ज त्यामागून आठ-पंधरा दिवसांनी आला तरी चालेल. त्या अर्जाच्या वेळी न्यायालयाला मध्यस्थीची विनंती करा आणि कलमवाला यांनी सुचवलेली मे महिन्याच्या हप्त्याची मांडणी तिथे ठेवा. मला ती फार व्यवहार्य वाटते. फक्त ती न्यायालयाच्या नोंदीवर येऊ द्या. गावच्या बैठकीत तोंडी ठरलेले पुढे दरखास्तीला चालत नाही.

वयाविषयी : निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार मुलगा सज्ञान होईपर्यंत हक्क मागू शकतो. अविवाहित मुलीचा हक्क मात्र, ती स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर, १८ वर्षांनंतरही राहतो. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. म्हणून मुलाच्या बाबतीत वेळ कमी आहे. अकरावी-बारावीचा खर्च, प्रवास आणि राहावे लागले तर वसतिगृह, हे सर्व आताच्या अर्जात पावत्यांसह मांडा. त्याशिवाय २०१९ च्या अटी पुन्हा एकदा नीट वाचा. त्यांत ‘सज्ञान होईपर्यंत’ असे लिहिले आहे की ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असे असेल तर वडील त्या कबुलीने १८ नंतरही बांधलेले आहेत. आपल्याकडे हुकूमनाम्याची साधी झेरॉक्स असेल तर ती चालणार नाही. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून अटींसह प्रमाणित प्रत घ्या आणि तीच घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा.